आईच्या पाठीवरची फुलं

धाकट्याच्या कवितेला काल अख्ख्या सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि आज तो ती आईला ऐकवायला आला. आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. कवितेचं नाव, ‘आईच्या पाठीवरची फुलं’.

थोरलीने ती आधीच मोबाइलवर ऐकली होती. तेव्हापासून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“कविराज, फुलं कुठे दिसली तुला?” तिने त्याला दारातच अडवलं. “जखमा आहेत त्या. पडून पडून मांस सडलंय. मागच्या खेपेला वास आला म्हणून तू गॅलरीतूनच परत गेलास.”

“ताई, असं जसंच्या तसं लिहिलं तर कोण ऐकेल?”

“नको ऐकू दे! पट्टी बदलताना मला कोणी टाळ्या वाजवतं का?”

“भांडू नका रे,” आतून आई म्हणाली. “म्हण तू, बाळा.”

“म्हणेल ना.” थोरलीने हातमोजे त्याच्या अंगावर फेकले. “पण तुझी पट्टी बदलताना. धर रे तिला कुशीवर.”

त्याने धरलं. थोरलीने सलाइन ओतून चिकटलेली पट्टी सोडवली. माकडहाडापाशी वाटीएवढा खड्डा, तळाशी पिवळट थर, काळ्या कडा. धाकटा पांढराफटक पडला. आईने नेहमीसारखी चादर मुठीत आवळली. गोळ्या देऊन, फुंकर घालून, गप्पा मारूनही ती मूठ थोरलीला कधी सोडवता आली नव्हती.

“म्हण की. दातखीळ बसली?”

तो चाचरत दोन ओळी म्हणाला आणि थांबला. “नाही जमत, ताई.”

“थांबू नको,” आई कण्हली. “दुखतंय मला. म्हण.”

त्याने डोळे मिटून पुन्हा सुरुवात केली.

“डोळे उघड!”

तो जखमेकडे बघत म्हणत राहिला. पाकळ्या आल्या, दव आलं. थोरली चिमट्याने सुटलेला थर काढत होती. याच वेळी आई रोज ओरडायची. आज चादरीवरची तिची बोटं एकेक करून सैल झाली.

थोरलीने चिमटा ट्रेमध्ये टाकला. वर्षभर हाडं झिजवली थोरलीने, आणि मूठ सोडवली कोणी, तर या लबाड दवाने! आता त्या कवितेला शिव्या देण्याचीही सोय राहिली नाही. ती औषधांच्या ट्रेमध्ये जाऊन बसली होती.

“उद्या सकाळी ये,” नवी पट्टी चिकटवत ती म्हणाली. “परवाही. रोज.”

“रोज? अगं, माझे कार्यक्रम...”

“फुलं तूच लावलीस ना? मग निगाही राख. आणि ही घाण उचल आधी.”