एडविनचं फूल

आमच्या गावात मेमोरियल डेला युद्धात गेलेल्यांची नावं दफनभूमीत वाचतात. नावापाठोपाठ फूल कोणाकडून तेही वाचतात, आणि त्या माणसाने उठून मधल्या पांढऱ्या क्रूसापाशी फूल ठेवायचं. ज्यांचं कुणीच उरलेलं नाही त्यांची फुलं आधीच एका बादलीत घालून ठेवतात, आणि त्यांची नावं शेवटी एका दमात उरकतात.

एडविन झेलेनीचं फूल पन्नास वर्षं त्याची बहीण ब्लांश ठेवायची. या जानेवारीत ती गेली. तिला मूलबाळ नव्हतं. म्हणजे एडविन आता बादलीत जाणार.

मी व्हर्ननला फोन केला. यादी तोच करतो. शाळेत आमच्या मागे दोन वर्षं होता. म्हटलं, एडविनचं फूल मी ठेवीन. तो म्हणाला, घरच्यांनीच ठेवायचं असा नियम आहे, नाहीतर उद्या सगळं गाव रांगेत उभं राहील. मग त्याने विचारलं, "कोण म्हणून वाचू, मार्सेला?"



एडविनचा हात यंत्रात चालायचा. सैन्याने त्याला हेलिकॉप्टरवर क्रू चीफ केलं, म्हणजे त्याची सगळी देखभाल त्याच्याकडे. व्हिएतनामहून तो लिहायचा की पायलट बदलतात, हेलिकॉप्टर मात्र माझं. ते उसनं नेतात आणि भोकं पाडून परत आणतात. पण नेताना तोही बरोबर असायचाच, मागच्या दारात बंदूक धरून. बाहत्तरच्या जुलैत तो सुट्टीवर आला. बापाच्या कापणीयंत्राखालून अर्धा बाहेर येऊन त्याने मला लग्नाचं विचारलं. हात कोपरापर्यंत काळे. मला हसू आवरेना.

"आधी हात धू, मग विचार," मी म्हटलं.

तो उठला, तेवढ्यात बापाने दुसरं काम सांगितलं. गहू उभा होता. मग सुट्टीच संपली. मीही घाई केली नाही. सगळे परत येत होते, युद्ध संपत आलंय असं रेडिओ रोज सांगत होता. नोव्हेंबरात जखमींना उचलताना एडविनचं हेलिकॉप्टर पडलं. जानेवारीत युद्ध थांबवायचा करार झाला. त्याची आई दुकानात, चर्चच्या पायरीवर, कुणी न विचारता म्हणायची, "दहा आठवडे." लोक मान हलवायचे आणि पावसाचं बोलायला लागायचे.

पुढे मी हॅरल्डशी लग्न केलं. चांगला माणूस होता. त्याला हे कधी सांगितलं नाही. काय सांगणार? एका मुलाने काही विचारलं होतं, आणि मी हसले होते.

"शेजारीण लिही," मी व्हर्ननला म्हटलं.

"अकरा मैलांवरची?"

"सपाट मुलूख आहे, व्हर्नन. त्यांचं घर दिसायचं."

तो हसला नाही. लिहितो म्हणाला.

यंदा पिओनीची फुलं लवकर आली. अशा वर्षी आम्ही कळ्याच कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतो. दोन दिवस आधी पाण्यात घातल्या की वेळेवर उमलतात. ब्लांश घराघरांत फोन करून विचारायची, "काढल्यास का गं फ्रिजमधून?" यंदा फोन आला नाही, आणि मी विसरले. कांद्यासारखी घट्ट, गार कळी घेऊन मी मुलाच्या गाडीत बसले.

"एडविन झेलेनी," व्हर्ननने वाचलं. "फूल, शेजारीण मार्सेला व्होंद्रा यांच्याकडून."

मुलाने कोपराला आधार दिला. त्याचा हात मी सोडवला आणि एकटीच गेले. कळी ठेवली तर घरंगळली. पुन्हा वाकले आणि ती दोन उमललेल्या फुलांमध्ये टेकवली. एवढ्या वेळात पुढची दोन नावं झाली असती. व्हर्नन कागद धरून थांबला होता. मी खुर्चीत बसल्यावर त्याने पुढचं नाव वाचलं.

नंतर सभागृहात सगळ्यांनी कॉफी घेतली, खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, खाल्ले. दोघी-तिघी मला म्हणाल्या की शेजारधर्म असा पाळावा.

गाडीत मुलाने विचारलं, "हा झेलेनी म्हणजे बाबांचा मित्र का गं?"

"नाही," मी म्हटलं. "माझा."

तो आणखी काही विचारेल म्हणून मी पट्टा न लावता तशीच बसले होते. त्याने तो ओढून लावून दिला आणि गाडी सुरू केली.