दगड समोर असेपर्यंत

वाचन संपलं तसा सरांनी टेबलावरचा दगड उचलून मेकॅनिकसमोर ठेवला. म्हणजे आता तोंडाला कुलूप. या गटात कडक म्हणावा असा हा एकच नियम होता. ज्याने वाचलं त्याने, समोरचा दगड उचलला जाईपर्यंत, एक अक्षर बोलायचं नाही. बाकीच्यांनी डोक्यावर घ्यावं नाहीतर सालटी काढावीत, त्याने आपलं मूग गिळून बसावं.

ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी हा लेखकांचा गट जमे. गट म्हणजे मोजून चार डोकी. सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची स्वतःची कादंबरी वीस वर्षं शेवटच्या प्रकरणात होती, पण दुसऱ्याची कथा ते पाच मिनिटांत निकालात काढत. औषधवाल्यांच्या प्रत्येक कवितेत समुद्र असे, आणि तो त्यांनी कॅलेंडरवरच पाहिलेला होता. शिवणकाम करणाऱ्या बाई कमी बोलत, कमी लिहीत. चौथा हा, लिफ्ट दुरुस्त करणारा.

नऊ वर्षांत गटाच्या वार्षिक अंकात त्याची एकही ओळ छापून आली नव्हती. "तुमची माणसं पुठ्ठ्याची असतात हो," असं सर म्हणत. तो घरी जाऊन बायकोला सांगे, "संपलं, पुढच्या रविवारी जात नाही." आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी जिन्यात हजर. बायको म्हणायची, "निघाली स्वारी शाळेला!" पण आठवडाभर लोक त्याच्याशी एवढंच बोलत, कधी चालू होणार? इथे तिघं जण त्याचं वाक्य ऐकायला माना पुढे करून बसत. त्या सुखापुढे सरांचा पुठ्ठा परवडत होता.

आजची कथा दोन लिफ्ट मेकॅनिकांची होती. एक जण मेन स्विच बंद करतो, त्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवतो आणि लिफ्टच्या टपावर उतरून कामाला लागतो. दुसरा वर मशीनच्या खोलीत येतो. रहिवासी जिन्यातून ओरडत असतात. जोडीदार एव्हाना बाहेर आला असेल असं समजून तो पाटी काढतो, स्विच चालू करतो. जोडीदार चिरडून मरतो. माणसं जमायच्या आत दुसरा ती पाटी स्वतःच्या पिशवीत घालतो. चौकशीत ठरतं की मेलेल्यानेच पाटी लावली नव्हती. दुसरा अकरा वर्षं गप्प राहतो, जोडीदाराच्या घरी जातो-येतो, तिथला पंखासुद्धा दुरुस्त करून देतो. कथा तिथेच थांबते.

"नाही पटत," औषधवाले म्हणाले. "अकरा वर्षं? अहो, बायकोला तरी सांगेल माणूस! खाई त्याला खवखवे. आणि वर त्यांच्याच घरी जाऊन पंखा दुरुस्त करतो? एवढा कोडगा कोण असतो? शेवटी कबूल करायला लावा त्याला. जोडीदाराच्या बायकोचे पाय धरू देत."

"छे छे!" सर उसळले. "कबुली दिली की कथेचा विचका झालाच. त्याचं गप्प बसणं हीच तर ताकद आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा यांचा माणूस पुठ्ठ्याचा नाही. मरेपर्यंत गप्प ठेवा त्याला. ही कथा वार्षिकात पहिल्या पानावर घेतोय मी."

पहिल्या पानावर! हे शब्द ऐकायला त्याने नऊ वर्षं जिना चढला होता. आज ते ऐकले आणि नकोसे झाले. बोलावं की गप्प बसावं यावर दोघांची जुंपली होती, आणि ज्याने ठरवायचं तो दगडाकडे बघत बसला होता.

हे सगळं त्याने लिहायलाही घेतलं नसतं. पण महिन्यापूर्वी तो स्वतःच्या मेलेल्या जोडीदाराच्या घरी शिडीवर चढून पंखा बघत होता. वहिनींनी, जोडीदाराच्या बायकोने, मुलीला गॅस नीट बंद केलास का म्हणून विचारलं, तर ती फणकारून म्हणाली, "केलाय गं. मी काय बाबांसारखी निष्काळजी आहे?" त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तिनेच तो उचलून दिला. तेवीस वर्षांची पोर, बापाचं नाव असं घेत होती, आणि ते तिला याने शिकवलं होतं.

"बाई, तुमचं काय मत?" सरांनी विचारलं.

"तो बुटाचा भाग परत वाचा."

सरांनी कागद ओढून वाचलं, "'जोडीदाराचा एक बूट खाली खड्ड्यात पडला होता. त्याने तो आणून जोडीदाराच्या पायात घातला आणि नाडी बांधली. पाय अजून गरम होता.'"

"हे बसल्या बसल्या सुचत नाही, सर," बाई म्हणाल्या. मग हात लांब करून त्यांनी स्वतःच तो दगड उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला. तो मान सरांचा होता, आजवर दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नव्हता. "बोला," त्या मेकॅनिकला म्हणाल्या. "बोला हो."

त्याने सरांपुढचा कागद आपल्याकडे ओढला. "शेवट राहिलाय अजून," तो म्हणाला.

"काही राहिलेला नाही. कागद ठेवून जा," सर म्हणाले.

"आधी एकीला वाचून दाखवायचीय."

"गटाबाहेर? कच्चं लिखाण बाहेर न्यायचं नाही, ठाऊक आहे ना?"

त्याने कागद गोळा केले, घडी घातली आणि जिना उतरला. घरी जाऊन कपाटावरची जुनी पिशवी तेवढी काढली.

"या भावजी! पंखा मस्त चाललाय हो आता," वहिनींनी दार उघडलं. कॉटवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, त्या घड्या घालायला बसल्या. आतून मुलीने हाक मारली, "काका, चहा टाकतेय, लगेच पळू नका!"

"वहिनी, मी एक लिहिलंय. ऐकाल?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? पण वाचा."

तो वाचू लागला. पाटी पिशवीत गेली तिथे वहिनींचे हात थांबले. पुढची सगळी पानं त्या अर्धवट घडी केलेली चादर धरून बसून होत्या. संपल्यावर तो गप्प राहिला. इथे समोर दगड नव्हता.

"त्या नाडीची गाठ ह्यांची नव्हती," वहिनी म्हणाल्या. "हे दुहेरी मारायचे, सुटता सुटायची नाही. मला तेव्हाच दिसलं, दुसऱ्या कुणीतरी बांधलीय. अकरा वर्षं म्हणत आलेय, ज्यानं कुणी त्या घडीला एवढं केलं, त्याचं भलं होवो."

त्याला रडू फुटलं. "वहिनी..."

"पाटी लावली होती ह्यांनी?"

"लावली होती. चूक माझी. सगळी माझीच." त्याने पिशवीतून ती पत्र्याची पाटी काढून कॉटवर ठेवली. अडकवायची तार अजून तशीच होती. वहिनींनी पाटी उचलली, हाताने पुसली आणि पहिलीतल्या मुलासारखी अक्षर अक्षर लावून वाचली.

"आई, काकांना साखर किती गं?"

"गॅस बंद कर," वहिनी म्हणाल्या. "आणि इथे येऊन बस."

मुलगी हात पुसत बाहेर आली. दोघांची तोंडं पाहून आईशेजारी टेकली. वहिनींनी पाटी तिच्या मांडीवर ठेवली.

"पहिल्यापासून वाचा," त्या म्हणाल्या. या वेळी त्या भावजी म्हणाल्या नाहीत.

त्याने डोळे पुसले आणि पहिलं पान वर घेतलं.