भेगेवरची काच

शहराच्या इमारत खात्यात एक स्वस्त आणि चोख पद्धत होती. भिंतीला भेग पडली की तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत स्थिर असेल तर काच टिकते. सरकत असेल तर तडकते. काचेला वशिला कळत नाही.

माणसांना कळतो. मुलींच्या जुन्या शाळेच्या अहवालात त्या खात्यातल्या अभियंत्याने सलग तीन वर्षं एकच ओळ लिहिली होती : ‘काच शाबूत आहे.’ ओळ खोटी नव्हती. पाहणीच्या आदल्या दिवशी मुकादम तुटलेली काच खरवडून काढायचा आणि तिथे नवी बसवायचा. खात्यात याला ‘काच ताजी करणे’ म्हणत. हे म्हणताना कुणाची जीभ अडखळत नसे.

या वर्षी ती शाळा ‘आधुनिक’ होणार होती. सोमवारी वर्गावर्गात मोठे स्क्रीन लागणार, पाहुणे येणार. त्याआधी इमारत सुरक्षित असल्याचा दाखला हवा होता. मुकादमाला या वेळी काच ताजी करायला सवड मिळाली नव्हती, म्हणून शुक्रवारी तो नवी काच आणि प्लास्टरची बादली घेऊन अभियंत्यासोबतच आला.

जिन्यातच वास आला. स्वच्छतागृहाचा पाइप कित्येक वर्षं सातवीच्या वर्गाच्या भिंतीत पाझरत होता. भिंतीला नुकताच पिवळा रंग दिला होता आणि त्या रंगाला फोड आले होते. अभियंत्याने एका फोडावर बोट ठेवलं. तो फुटला आणि तपकिरी पाणी त्याच्या मनगटापर्यंत ओघळलं. त्याने रुमालाने हात पुसला. पण तो रुमाल परत खिशात ठेवायची त्याची हिंमत होईना.

“रंग मात्र झकास बसलाय,” मुकादम म्हणाला.

“बसणारच. गळवावर पावडर लावली की तीही झकास बसते,” मागून आवाज आला. विज्ञानाच्या बाई होत्या. सगळं मोजून घ्यायच्या सवयीमुळे मुली त्यांना ‘मोजपट्टी बाई’ म्हणत. त्यांच्या हातात मुलींची प्रयोगवही होती. “साहेब, मुलींनी नोंद ठेवली आहे. तुमची पहिली काच साठ दिवसांनी तुटली. दुसरी एकेचाळीस दिवसांनी. तिसरी एकोणिसाव्या दिवशी. याचा अर्थ काय?”

“भेग वाढतेय,” तो पुटपुटला. “आणि वेगाने.”

“याच भिंतीवर सोमवारी स्क्रीन टांगणार आहेत.”

“बाई, माझ्या एकट्याच्या हातात काय आहे?”

“पेन आहे.” त्यांनी वही मिटली. “फक्त तुम्हालाच बोलत नाही मी. चार अर्ज केले, आणि पुन्हा या वर्गातल्या खचत चाललेल्या तुळईखाली शिकवत राहिले. माझेही हात बरबटलेलेच आहेत.”

अभियंता वर्गात शिरला. बाकं दाटीवाटीने दोन्ही बाजूंना सरकवलेली होती. मधल्या तुळईखाली एकच बाक होतं आणि त्यावर एकच मुलगी. तिच्या केसांत चुना पडला होता. वहीवर पडू नये म्हणून तिने वहीवर हात आडवा धरला होता.

“ही एकटीच का इथे?”

“काका, ती नवीन आहे ना!” पहिल्या बाकावरची मुलगी सहज म्हणाली. “नव्या मुलीने तिथे बसायचं. दुसरी नवी आली की हिची सुटका.”

“कुणी ठरवलं हे?”

“कुणी नाही. असंच असतं.”

असंच असतं! तीन वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला होता, आणि आता बारा वर्षांची पोर तेच त्याला शांतपणे ऐकवत होती. मनगटावरच्या पाण्यापेक्षा त्याला स्वतःचीच किळस जास्त आली.

“साहेब, काच लावून टाकू? पाच मिनिटांचं काम,” मुकादमाने बादली पुढे केली.

“काही लावू नकोस! आधी सगळ्या मुलींना खाली मैदानात ने. आत्ता!”

वर्ग रिकामा झाल्यावर त्याने अहवालात लिहिलं : ‘इमारत वापरण्यास धोकादायक. आधी पाइप, पाया, तुळया आणि स्वच्छतागृहं. स्क्रीन त्यानंतर.’ खाली सही केली आणि वरिष्ठांना फोन लावला.

“अरे, वेड लागलंय का तुला? पत्रिका वाटून झाल्यात! आणि मुली बसवायच्या कुठे?”

“आपल्या कचेरीत, साहेब. वरचं सभागृह वर्षातून दोनदा उघडतं.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर दाखल्यावर तुम्ही सही करा. मुलींची वही जोडून पाठवतो.”

सही करायला वरिष्ठही धजावले नाहीत.

सोमवारी सभागृह उघडलं. नवी मुलगी दप्तर छातीशी धरून दारातच थांबली. “बाई, माझी जागा कुठली?”

“तुला आवडेल ती,” बाई म्हणाल्या. तिने आधी वर छताकडे पाहिलं, मग बसली.

वाचकहो, शाळेत पाऊल टाकताना मुलाला आधी छताकडे बघावं लागत असेल, तर त्या शाळेला आधुनिक म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपल्या मुलांच्या शाळेत एकदा जा. स्वच्छतागृहाचं दार उघडा, भिंतीला हात लावा, सुरक्षिततेचा दाखला मागून वाचा. दुरुस्ती टाळून आपण जे झाकतो, ते मुलांना दिसत असतं. त्यातून ती एवढंच शिकतात, की धोका दूर करायचा नसतो, आपल्याहून दुबळ्याच्या डोक्यावर ढकलायचा असतो.