घड्याळाच्या खांबाची झिणझिणी

"हात लावला रे लावला, की तळपायापासून दंडापर्यंत सण्णकन जातंय बघा!" असं सांगणारा प्रत्येक जण आपला दंड पुढच्याच्या नाकाखाली धरत होता. जे काही सण्णकन गेलं होतं ते तिथे अजून शिल्लक असावं, अशा थाटात. संध्याकाळचे सात वाजले होते. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचे ढीग कोपऱ्यापर्यंत पोचले होते आणि अनवाणी माणसांची रांग मधल्या लोखंडी खांबाला तीन वेढे घालून पोस्टापर्यंत गेली होती.

हा खांब आमच्या गावाचा जुना ओळखीचा. त्याच्यावर एक घड्याळ आहे आणि ते माझ्या लहानपणापासून पावणेचार दाखवतं. त्याच्या आजूबाजूला पूर्वी चार झाडं होती, दोन मोडकी बाकं होती आणि खांबाला टेकून चपला शिवणाऱ्या बाईंचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक ऐरण आणि 'चपलांचा दवाखाना' अशी पाटी. त्या पाटीमुळे गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतं. मग नगरपालिकेने चौकाचा कायापालट करायचं ठरवलं. झाडं गेली, बाकं गेली, डॉक्टरीणबाईंना गटाराशेजारच्या कोपऱ्यात बसवलं आणि सगळीकडे चकचकीत दगडी फरशी आली. घड्याळाच्या तबकडीत आतून निळा दिवा बसवला. घड्याळ दुरुस्त करणं मात्र योजनेत बसत नव्हतं, त्यामुळे पावणेचार आता अंधारातही दिसू लागले.

पहिला आठवडाभर गावाने या कायापालटाला मनसोक्त शिव्या दिल्या. उन्हात बसायला सावली नाही, सावलीत बसायला बाक नाही. दुसऱ्या आठवड्यात महाराज आले.

महाराज पूर्वी गावोगाव तांब्याची कडी विकत, हे मला नंतर कळलं. आता ते खांबाशेजारी उभे राहून सांगत, "भक्तहो, काळ जिथे थांबला तिथेच शक्ती साठते! हे घड्याळ बंद नाही, हे समाधीत आहे! दिवेलागणीला शक्ती जागी होते. पायताण काढा, मन मोकळं करा, डोळे मिटा आणि स्पर्श करा. गुडघा असो, कंबर असो, घरातली कटकट असो, खांब सगळं ओढून घेतो!" आणि ओढून घेतलेलं परत येऊ नये म्हणून एक कडं मनगटात घालावं लागे. ते त्यांच्याच पिशवीत असे.

नगराध्यक्ष खूश, कारण शिव्या बंद झाल्या होत्या. ठेकेदार तर गहिवरून सांगत फिरत होता, "आम्ही नुसती फरशी टाकली हो, बाकी वरच्याची कृपा!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे अशा वेळी गप्प बसणं मला जमत नाही आणि बोललेलं कुणी ऐकत नाही. मला एकदम दुर्लक्षही करता येत नव्हतं, कारण त्या रांगेत रोज माझी आई असे. तीन वर्षं तिचे गुडघे तिला अंगणापलीकडे जाऊ देत नव्हते. आता ती रोज संध्याकाळी चौकापर्यंत चालत जाई आणि येताना शेजारणींशी हसत येई.

त्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेलो. रांग मोडून, पायातले खेळाचे बूट तसेच ठेवून, सगळ्यांदेखत खांबाला दोन्ही हात लावले. काहीही झालं नाही.

"बघितलंत?" मी ओरडलो. "काही नाही! सगळे मनाचे खेळ आहेत. एकाला वाटलं म्हणून दुसऱ्याला वाटतं. शुद्ध भ्रम!"

महाराज मंद हसले. "गुरुजी, बुटांसकट देवाकडे जाणाऱ्याला देव काय देणार?"

लोक हसले. आई मात्र चिडली. "अरे, नाकाने कांदे सोलण्यापेक्षा बूट काढ की आधी!"

मी तावातावाने बूट काढले, मोजे काढले आणि हात लावला. आणि मंडळी, काय सांगू! तळव्यापासून कोपरापर्यंत मुंग्यांची पलटण गेली. माझा हात आपोआप मागे आला आणि तोंडातून जो आवाज निघाला तो शिक्षकाला शोभणारा नव्हता.

चौक दणाणला. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. महाराजांनी जाहीर केलं, "उद्या रविवारी चौकाचं उद्घाटन. गुरुजी, तुमच्या माई पहिला स्पर्श करतील. नास्तिकाची आई, हाच खरा चमत्कार!"

रात्रभर मला झोप लागली नाही. भ्रम म्हणालो होतो आणि भ्रम तर नव्हता. मग काय होतं? जे मी मुलांना रोज सांगतो, की आधी बघा, मोजा, मग बोला, ते मी स्वतः केलंच नव्हतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

रविवारी सकाळी बुटाचा तळ शिवायचं निमित्त काढून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खरं म्हणजे मला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि चौकात देवाच्या नादी न लागलेलं तेवढंच माणूस उरलं होतं.

"लागली म्हणे काल तुम्हालाही?" त्यांनी दोरा ओवता ओवता विचारलं.

"लागली, बाई."

"लागणारच. अनवाणी होतात ना." त्यांनी माझा बूट उलटा केला. "आधी नाही लागली, कारण हे रबर आहे. मी तीन आठवडे इथे बसून लोकांच्या चपला राखतेय, मास्तर. मला तोंडं नाही दिसत, पाय दिसतात. अनवाण्याला लागते. रबराच्या चपलेला लागत नाही. चामड्याच्या तळाला खिळे असतील तर थोडीशी लागते. श्रद्धा कुणाच्या पायात कमी आणि कुणाच्या जास्त ते काही मला कळत नाही."

मी टुणकन उठून उभा राहिलो. "आणि महाराज? ते तर रोज हात लावतात!"

"लावतात की. पण बूट काढून लावताना पाहिलंत कधी?" बाई हसल्या. "ते म्हणतात, चाळीस शिखरं चढलेले पाय आहेत, उघडे करायचे नसतात. ते बूट माझ्याकडेच आले होते, त्यांनी पहिलं प्रवचन द्यायच्या आदल्या दिवशी. टायरचा तळ लावून घेतला, एकावर एक दोन. आणि वर मला बजावलं, 'खिळा एकही मारायचा नाही, नुसतं चिकटवा आणि शिवा.' पंचवीस वर्षांत असं सांगणारं पहिलंच गिऱ्हाईक. मी म्हटलं, असेल एखाद्याची हौस."

रबर, खिळे, लोखंडी खांब आणि दिवेलागण. निळा दिवा लागायची वेळ आणि शक्ती जागी व्हायची वेळ एकच होती! सहावीच्या पोराने ओळखावं असं हे कोडं, आणि मी रात्रभर आढ्याकडे बघत पडलो होतो.

मग एकदम माझ्या तोंडचं पाणी पळालं. उद्घाटनासाठी दुपारी टँकर आणून चौक धुणार होते. ओल्या फरशीवर, अनवाणी, सगळ्यात पहिली माझी आई.

धावत घरी गेलो. "आई, त्या खांबात वीज उतरलीय. आज हात लावू नकोस."

"काल भ्रम म्हणत होतास."

"काल मी चुकलो."

"मग आज बरोबर कशावरून?" आईने साडीच्या निऱ्या नीट केल्या. "अरे, तीन वर्षांत कुणी मला विचारलं नाही, की बाई तू चौकात का येत नाहीस. आज सगळं गाव बोलावतंय. माझा गुडघा वाकतोय. तू मला तेवढंही मिळू देणार नाहीस का?"

मला फार वाईट वाटलं. रोज मैलभर चालून आणि चार बायकांशी बोलून तिचा गुडघा सुटला होता, हे मला दिसत होतं. ते श्रेय खांबाला गेलं, कारण तिला चालायला चल असं मी तीन वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. महाराजांबद्दलचं सगळं तिला सांगितलं, टायरच्या तळांसकट. तिने ऐकून घेतलं आणि केसांत गजरा माळायला आत गेली.

तोंडी सांगून भागणार नव्हतं, दाखवायलाच हवं होतं. नगरपालिकेचा वायरमन रविवारचा सासरी गेलेला. त्याला गाठेपर्यंत चार वाजले. ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. "सर, त्या कामावर मला पाऊलही टाकू दिलं नव्हतं. ठेकेदाराचीच माणसं होती. दिवा साडेसहाला लागतो. मी सामान घेऊन सव्वासहाला येतो, मुख्य बटण माझ्याच हातात ठेवतो."

पण उद्घाटन म्हटलं की उत्साह. ठेकेदाराने त्या दिवशी दिवा सहालाच लावला. मी चौकात शिरलो तेव्हा फरशी पाण्याने आरशासारखी चमकत होती, तबकडीतले पावणेचार निळे झाले होते आणि आई, अनवाणी, खांबापासून चार हातांवर उभी होती. वायरमनचा पत्ता नव्हता.

"थांब!" मी गर्दीतून घुसत ओरडलो. दोघा स्वयंसेवकांनी मला धरलं. लोक चिडले. "मास्तर, काल लाज गेली ती पुरे नाही झाली का?"

"या माई," महाराज म्हणाले. "डोळे मिटा, स्पर्श करा."

आईने डोळे मिटले नाहीत. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग महाराजांच्या पायांकडे पाहिलं. तिने पदर खोचला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "महाराज, आज मोठा दिवस आहे. तुमच्या आधी मी हात लावणं बरं दिसत नाही. आधी तुम्ही."

"वा वा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांनी हसत हात पुढे केला.

"असा नाही," आई म्हणाली. "बूट काढून. माझा मुलगा म्हणतो तुम्ही बूट काढणार नाही. तो मूर्ख आहे हे आज सगळ्यांसमोर सिद्ध होऊ दे."

"काढा महाराज, काढा!" लोक भक्तिभावाने ओरडू लागले. पोरं पुढे आली, पाय धुवायला पाण्याची बादली आली.

ती बादली बघून महाराजांचा चेहरा पांढरा पडला. "माई, हे पाय... शिखरांचा नियम..."

"नियम मोडा, पाप मला लागू दे," आई म्हणाली. "काढा."

महाराज दोन पावलं मागे सरले. त्या दोन पावलांनी चौकातला गलका बंद झाला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते हजार माणसांनी एकदम पाहिलं.

तेवढ्यात सायकलवरून वायरमन आला. त्याने आधी सगळ्यांना खांबापासून दूर ढकललं. रबरी हातमोजे आणि गमबूट घालून त्याने पिशवीतून होल्डरसकट एक साधा बल्ब काढला. झाड तोडलं होतं तिथल्या ओल्या आळ्यात सळई ठोकली, बल्बची एक तार तिला जोडली आणि दुसरी खांबाला टेकवली. बल्ब लागला. चौकातून एक हुंकार उमटला.

मग मी विजेच्या पेटीजवळ जाऊन मुख्य बटण खाली केलं. निळे पावणेचार विझले आणि बल्बही विझला. बटण वर केलं, दोन्ही लागले. तीनदा केलं. चौथ्यांदा एक आजोबा म्हणाले, "पुरे मास्तर, शक्तीची झोपमोड होतेय." पहिलं हसू तिथे फुटलं.

"दिव्याची वायर खांबात शिरते तिथे सोललेली आहे," वायरमन बटण बंद ठेवून, खांबाच्या बुडाशी वाकून बघत सांगू लागला. "वीज खांबात उतरते. तिला जमिनीत न्यायला जी वेगळी तार टाकतात ती टाकलेलीच नाही. ती असती तर पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला असता. तार नाही, म्हणून वीज माणसातून वाट काढते. फरशी कोरडी असली तर थोडी, म्हणजे झिणझिणी. आजच्यासारखी ओली असली तर..." तो आईकडे बघून थांबला. "आजी, हात लावला असतात तर सुटला नसता."

आईने माझा दंड घट्ट धरला. डॉक्टरीणबाई गर्दीतून तिच्या चपला घेऊन आल्या, खाली वाकून त्यांनी तिचे ओले पाय आपल्या फडक्याने पुसले आणि चपला घातल्या.

महाराज त्या गडबडीत निसटू पाहत होते. ओल्या फरशीवर टायरचे तळ घसरतात, हा शोध त्यांना चौकातल्याच पोलीस ठाण्याच्या दारात लागला. ठेकेदाराला "वरच्याची कृपा" म्हणजे नेमकं काय टाकायचं राहिलं, याचा खुलासा लेखी द्यावा लागला.

आता तार बसली आहे. वायर बदलली आहे. नगरपालिकेच्या सभेत आईने हात वर करून बाकं मागितली आणि डॉक्टरीणबाईंची पेटी परत खांबाखाली आणवली. रोज संध्याकाळी मी आईबरोबर चौकापर्यंत चालत जातो. गुडघा अजून वाकतो. जाता जाता ती खांबाला हात लावून बघते आणि म्हणते, "गप्प आहे बिचारा."

लोक मला विचारतात, मास्तर, तुम्ही हे शोधलंत कसं? मी शोधलं नाही. गाव न तपासता हो म्हणालं आणि मी न तपासता नाही म्हणालो. आम्हा दोघांच्या मधोमध माझी आई ओल्या फरशीवर उभी होती. वाचवलं ते पायांकडे बघणाऱ्या एका बाईने. तेव्हा कुणी तुम्हाला चपला काढा म्हणालं, तर काढा हवं तर. पण आधी त्याच्या पायांत काय आहे ते बघून घ्या, आणि का आहे ते मोठ्याने विचारा.