मी तंबोरा नाही

मी बुटकी गितार बोलतेय. तंबोरा नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ठाण्याच्या कोपरीतल्या या घरात सगळे मला तंबोराच म्हणतात, आणि इथे मोठी माणसं एकदा बोलली की तेच खरं.

जन्म माझा गोव्याचा. फणसाच्या लाकडाची, हातभर लांब, चार तारांची. तारा आतड्याच्या, बकऱ्याचं आतडं सुकवून, पिळून केलेल्या. त्यात लपवायचं काय? माझा गोडवा त्यांचाच होता. पास्कू मास्तरच्या बापाने मला घडवली. पास्कू मास्तर मला घेऊन ठाण्याला आला. इथे त्याचा बाजा होता, लग्नांत वाजवणारा.

त्र्यंबक मला तिथेच भेटला. इंग्रजी शाळा अर्ध्यात सोडलेला, सबंध घराच्या डोळ्यांत सलणारा. त्याचे वडील, अण्णा, कचेरीत कारकून. मुलानेही तिथेच जाऊन बसावं हे त्यांनी बहुधा त्याच्या मुंजीतच ठरवलेलं.

मास्तरने मला त्याच्या हातात दिली. "एक सूर घे, एक सोड, पुढचा घे. सा घे, रे सोड, ग घे. म सोड, प घे. आता तिन्ही एकदम छेड. झाली जुडी."

"कोथिंबिरीची असते तशी?"

"तशीच. एक काडी सडकी निघाली की सगळी जुडी वास मारते. कान ठेव."

मला मोकळी छेडली की मी प, सा, ग, ध बोलते. ध च्या तारेवर एक बोट दाबलं की तिचा सा होतो आणि सा-ग-प ही जुडी तयार. म-ध-सा ला दोन बोटं, प-नी-रे ला तीन. एकेक जुडी कोणालाही येते. रडवतं ते एकीतून दुसरीत जाणं. म वरून प वर जाताना त्र्यंबकची सगळी बोटं एकदम उडायची, आणि उजवा हात त्यांची वाट बघत थांबायचा.

"थांबू नको रे!" मास्तर ओरडायचा. "नवरा घोड्यावर बसलाय, तुझ्या बोटांसाठी वरात थांबवू? चुकलं तर चुकू दे, हात चालू ठेव. आणि बोटं एवढी वर कशाला? पतंग उडवतोस?"

त्र्यंबक मला घेऊन खाडीकाठी बसायचा. बोटांना घट्टे पडले. घरात अण्णांचं चालूच. "एका वेळी तीन सूर? हे गाणं की भांडण? आमच्यात एका सुराला जन्म पुरत नाही." अण्णांना गाण्यातलं कळतं, असं अण्णांचं मत होतं.

भादव्यात मास्तरला कल्याणचं काम मिळालं, रेल्वेतल्या गोऱ्यांच्या नाचाला वाजवायचं. तो त्र्यंबकला म्हणाला, "दसऱ्याच्या संध्याकाळी कल्याणला ये. म वरून प वर न अडखळता गेलास तर कायमचा माझ्या बाजात. तोवर ही तुझ्याकडे ठेव. बापाच्या हातची आहे, सांभाळ."

अण्णाही बोलून गेले, "जमलं तर जा. नाहीतर एकादशीपासून कचेरी."

आणि त्याने जमवलं! अष्टमीला खाडीवर त्याची बोटं उडाली नाहीत, तारांवरून नुसती सरकली. उजवा हात थांबला नाही. त्या दिवशी मी पोटभर वाजले.

खंडेनवमीला या घरात पोथ्या आणि दौत-लेखणी मांडून सरस्वती पुजतात. अण्णा म्हणाले, "हेही ठेवू. वाद्य आहे शेवटी." बाप नमला, असं त्र्यंबकला वाटलं. वेडा खुशीत झेंडू आणायला गेला.

अण्णांनी माझ्या तारांवरून नख फिरवलं. "आतडं! सरस्वतीपुढे?"

"अहो, त्याला येऊ तरी द्या," त्र्यंबकची आई आतून म्हणाली.

"वाद्यातलं मला शिकवू नकोस."

त्यांनी माझ्या तारा कापल्या आणि चिमट्याने धरून उकिरड्यावर टाकल्या. मग घरातल्या फुटक्या तंबोऱ्याच्या पोलादी-पितळी तारा माझ्यावर चढवल्या. चार तारा म्हणजे तंबोरा, एवढीच त्यांची विद्या. प, सा, सा, खालचा सा असं लावलं. माझा ग गेला, ध गेला. अण्णांनी मान डोलावली, मला कुंकू लावलं, वर झेंडूचा ढीग घातला. पूजेतलं विसर्जनापर्यंत कोणी हलवत नाही.

दसऱ्याला दुपारी त्र्यंबकने फुलं बाजूला केली.

"अण्णा, हे काय?"

"तंबोरा करून दिला तुला. शुद्ध झालं."

"मृदंगाचं चामडं झाडाला लागतं का, अण्णा?"

"तोंड सांभाळ!"

त्र्यंबक खुंट्या पिळू लागला. ग वर आणायचा होता, ध वर आणायचा होता. त्या तारांचा ताण माझ्या पातळ फळीला सोसेना. तारांखालची घोडी फळीच्या सालीसकट उपटली.

अण्णांनी वाकून पाहिलं. "बघ. टिकाऊ नव्हतंच ते."

त्र्यंबक कल्याणला गेला नाही. मास्तरच्या बापाच्या हातची वस्तू अशी कोणत्या तोंडाने दाखवणार? मला अण्णांचा राग आहेच, पण याचाही आहे. मला काखोटीला मारून जायचं होतंस रे. मी फुटले होते, तुझी बोटं शाबूत होती.

एकादशीला तो कचेरीत गेला. अण्णांनी माझी घोडी सरसाने चिकटवली. तो सरसही जनावराच्या कातड्याचाच, पण हे त्यांना कोणी विचारलं नाही. मग मला खुंटीला टांगलं. दर खंडेनवमीला हळद, कुंकू, हार. अण्णा गेले. आता त्र्यंबक कुंकू लावतो, अगदी त्याच जागी.

परवा त्याची बायको मंदाकिनी धूळ झटकत होती. तिचं बोट तारेला लागलं.

"अहो, हे वाजतं का?"

पागोटं नीट करता करता तो म्हणाला, "हात लावू नकोस. पूजेचं आहे." आवाज थेट अण्णांचा.

तिने हात लगेच काढला नाही. ते मी पाहिलं.

मंदाकिनी, तो कचेरीत गेला की मला उतरव. कुंकू खरवड, या तारा तोडून टाक. आतड्याची तार पिंजाऱ्याकडे मिळते, त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीला तीच असते. प, सा, ग, ध लाव. घाबरू नकोस. सा-ग-प ला एकच बोट लागतं.