चौथ्या पायरीवरची भिंगरी

मित्रांनो, मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. दवाखान्यात तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्याकडे निरखून कुणी पाहत नाही. सगळ्यांची नजर माझ्या आकड्याला टांगलेल्या पिशवीवर असते. ती थेंबाथेंबाने रिकामी होते आणि मी आपला उभा असतो.

माझा जन्म पोलादी नळ्या कापणाऱ्या एका कारखान्यात झाला. तिथे मला घासलं, चकचकीत केलं, खाली पाच पाय लावले आणि प्रत्येक पायाला एक चाक दिलं. माल तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावर वजनं टांगली, मला गदागदा हलवलं आणि म्हणाल्या, "हा काही पडायचा नाही." माझं सगळं शिक्षण तेवढंच. तिथून मी थेट लहान मुलांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात आलो. त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं माझे लाड झाले. मग बटणांचे पंप लावलेले नवे स्टँड आले आणि माझ्यावर ओले टॉवेल, डब्यांच्या पिशव्या, एकदा तर कुणाची तरी छत्रीही लटकली. पण माझी तक्रार नाही. माणसाच्या शरीरात काय काय चालतं, ते मी जेवढं जवळून पाहिलं तेवढं फार थोड्यांना पाहायला मिळतं. त्यातलीच एका मुलीची हकीकत तुम्हाला सांगतो.

ती नऊ वर्षांची होती. एका जागी कधी बसायची नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. त्या गुरुवारी दुपारी मात्र ही भिंगरी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती आणि ट्रॉलीला जरासा धक्का लागला तरी कळवळत होती. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायचं काम करायची. ती कामावरून तशीच धावत आली होती, मोजायची टेप अजून तिच्या गळ्यात होती. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या नखांत निळा रंग होता.

आमच्या सर्जनबाई बुटक्या, पायात नेहमी खेळाचे बूट. त्यांनी आधी आपला हात चोळून ऊबदार केला आणि मग भिंगरीच्या पोटावर ठेवला.

"कधीपासून दुखतंय?"

"मंगळवारी सकाळपासून," आई म्हणाली. "आधी बेंबीपाशी दुखतंय म्हणाली. मग खाली, उजवीकडे. दोनदा उलटी झाली. जेवली तर नाहीच."

बाबा खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी गणिताची परीक्षा होती. मला वाटलं, नाटक करतेय. मीच तिला शाळेत सोडून आलो."

"मग?"

"मग काल संध्याकाळी दुखायचं एकदम थांबलं," आई म्हणाली. "आम्हाला हायसं वाटलं. ही शांत झोपलीसुद्धा. आणि आज सकाळी बघते तर अंग नुसतं भाजतंय."

सर्जनबाईंचा हात पोटावर होता तिथेच थांबला. "एकदम थांबलं?" त्यांनी पुन्हा विचारलं. भराभरा रक्त काढून घेतलं, सोनोग्राफी झाली. मग दोघांना बाजूला घेऊन, पण माझ्या अगदी शेजारी, त्यांनी सांगितलं, "अपेंडिक्स फुटलंय. दुखणं थांबलं ते त्यामुळेच. आतला ताण सुटला की थोडा वेळ बरं वाटतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. आता आधी सलाईन आणि अँटिबायोटिक देऊ. संध्याकाळच्या आत ऑपरेशन."

आईने गळ्यातली टेप मुठीत घट्ट धरली. बाबा भिंतीला टेकले. भिंगरीला मात्र सगळं ऐकू गेलं होतं. तिने विचारलं, "खूप मोठं कापणार?"

"तीन भोकं पाडणार. शर्टाचं काज असतं ना, तेवढी."

भिंगरीने आईकडे पाहिलं. काज केवढं असतं हे आईला चांगलं ठाऊक होतं. तिने मान हलवली, तेव्हा कुठे भिंगरीला ते पटलं.

मित्रांनो, ऑपरेशनच्या खोलीत माझी जागा रुग्णाच्या उशाशी असते, भूल देणाऱ्या डॉक्टरांजवळ. तिथून समोरचा पडदा स्पष्ट दिसतो. एका काजातून बारीक कॅमेरा आत गेला आणि भिंगरीच्या पोटातलं जग पडद्यावर उजळलं. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे, पण अजून त्याची सवय झालेली नाही. बाहेर ती गाढ झोपली होती आणि आत तिची आतडी, ओली, गुलाबी, कुणी न सांगता हळूहळू हलत होती. उजव्या कोपऱ्यात मात्र अपेंडिक्स दिसेना. तिथे चरबीचा एक पिवळा पदर येऊन घट्ट गुंडाळला गेला होता. असा पदर तुम्हा सगळ्यांच्या पोटात असतो. जिथे दुखापत होते तिथे तो जाऊन चिकटतो.

सर्जनबाईंचे हात क्षणभर थांबले. "बघा," त्या म्हणाल्या, "हिच्या पोटानेच कालपासून काम सुरू केलंय. आपण उशिरा पोचलोय."

त्यांनी तो पदर अलगद सोडवला. मागे पू साठला होता आणि त्यात ती करंगळीएवढी नळी, काळी पडलेली, टोकाशी फुटलेली. एवढीशी ती वस्तू! तिने एका घराची झोप उडवली होती. सर्जनबाईंनी ती काढली, पू ओढून घेतला, जागा स्वच्छ केली. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "लिहून घ्या. ग्रेड चार. फुटलेलं, शेजारी पू साठलेला, बाकीच्या पोटात पसरलेला नाही."

मी उशाशी उभा होतो. खाली भिंगरीचा श्वास संथपणे चालला होता. आईवडिलांना कळायच्या आधी, डॉक्टरांना कळायच्या आधी, या मुलीच्या पोटातल्या एका मुक्या पदराला कळलं होतं आणि तो धावून आला होता. मला हात असते तर मी ते जोडले असते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक गोलकीपर आला. बारा वर्षांचा, लांबलचक, पायांत मोजे तसेच. त्याचंही अपेंडिक्सच. शुक्रवारी ऑपरेशन झालं आणि शनिवारी दुपारी स्वारी बिस्किटं खात, हात हलवत घरी निघाली. भिंगरीच्या नाकात तेव्हा नळी होती आणि पाण्याचा घोटही तिच्या पोटात ठरत नव्हता. तिला रडूच फुटलं. सर्जनबाई आल्या तेव्हा तिने जाब विचारला.

"त्याचं आणि माझं एकच ऑपरेशन ना? मग तो का घरी गेला?"

सर्जनबाई खाटेच्या कडेवर बसल्या आणि तिचा मोकळा हात हातात घेऊन एकेक बोट मोजू लागल्या. "या आजाराच्या पाच पायऱ्या असतात. पहिलीत अपेंडिक्स नुसतं सुजून लाल होतं. गोलकीपर तिथे होता. दुसरीत ते काळं पडतं, पण फुटत नाही. तिसरीत फुटतं आणि घाण तिथल्या तिथे सांडते. चौथीत शेजारी पू साठतो. तिथे तू होतीस."

"आणि पाचवीत?"

"पू सगळ्या पोटात पसरतो. तिथून मुलांना परत आणताना आमची फार धावपळ होते. तू एक पायरी अलीकडेच थांबलीस."

"मी कुठे थांबले? मला तर काही माहीतच नव्हतं."

"तुझ्या पोटाला माहीत होतं." आणि त्यांनी तिला त्या पदराची हकीकत सांगितली.

भिंगरीने पांघरूण जरासं उचलून आपल्या पोटाकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाची काहीतरी थोरवी अचानक कळावी, तसं ती बराच वेळ बघत राहिली.

"मग मी खाली कधी उतरणार?" तिने हळूच विचारलं.

"उडी मारून नाही उतरता यायचं. आधी चालायचं, मग पोट जागं होईल, मग खायचं, मग घर."

बाबा दारात उभे होते. सर्जनबाई जाताना त्यांच्यापाशी थांबल्या. "स्वतःला फार बोल लावू नका. लहान मुलांत हे ओळखणं कधी कधी आम्हालाही जड जातं." बाबांनी मान हलवली, पण ते काही त्यांच्या गळी उतरलं नाही, हे मला दिसत होतं.

चालणं फार कठीण होतं. मोठ्या सिस्टर कडक होत्या. "चला, उठा! तुम्ही पडून राहिलात तर आतडीही पडून राहतात." भिंगरीने एका हाताने पोट धरलं, दुसऱ्याने मला, आणि चार पावलांत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही जमत," ती म्हणाली आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कागदांची गुंडाळी आणि रंग घेऊन आले. वॉर्डाच्या दाराशी त्यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर फक्त एक शेपूट होतं.

"भिंतीला काही चिकटवायचं नाही हं, रंग उडतो," सिस्टर म्हणाल्या.

"उडाला तर परत रंगवून देईन. धंदाच तो माझा."

सिस्टरांनी तोंड दुसरीकडे वळवलं, म्हणजे परवानगी मिळाली.

"कशाचं शेपूट आहे?" भिंगरीने खाटेवरूनच विचारलं.

"पुढचा कागद खिडकीपाशी लावलाय. तिथे जाऊन बघ."

ती उठली. खिडकीपाशी एक करडी मांडी आणि खूर होता. "घोडा!" ती म्हणाली. "बघू पुढे," बाबा म्हणाले. रोज एक नवा कागद, रोज थोडा लांब. प्राणी काही संपेना. पोट संपता संपत नव्हतं. बाकीची मुलंही आपापले स्टँड घेऊन मागे येऊ लागली. कुणी म्हणे हरीण, कुणी म्हणे बाबांना चित्रच येत नाही. माझी चाकं आयुष्यात कधी अशी मिरवणुकीत फिरली नव्हती.

ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी खिडकीपाशीच भिंगरी एकदम थांबली आणि लाजून कुजबुजली, "आई, माझ्याकडून आवाज झाला."

सिस्टरांनी तो कुठून ऐकला कोण जाणे. "भिंगरीचा वारा सरला!" त्यांनी अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगितलं, आणि सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या गोष्टीला टाळ्या मिळतात असं ठिकाण म्हणजे आमचा वॉर्ड. पण खरंच सांगतो, पोट पुन्हा जागं होणं ही लहानसहान गोष्ट नव्हे. नाकातली नळी निघाली आणि ती दोन चमचे पाणी प्यायली.

आणि सहाव्या दिवशी ताप आला.

भिंगरी उठली नाही. पुन्हा सोनोग्राफी झाली. आत पुन्हा थोडा पू धरला होता. सर्जनबाईंनी काही लपवलं नाही. "चौथ्या पायरीवर हे होऊ शकतं. औषध बदलतेय. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर सुईने पू काढावा लागेल." माझ्या आकड्याला नवी पिशवी लागली. मी त्या दोन दिवसांत इतका ताठ उभा राहिलो, जणू माझ्या हलण्यानेही काही बिघडलं असतं. आई ओल्या कपड्याने तिचं अंग पुसत राहिली. आणि बाबा, ती चालत नव्हती तरी, रोज नवे कागद लावत राहिले. दारापासून थेट लिफ्टपर्यंत तो प्राणी भिंतीवर वाट बघत उभा राहिला.

आठव्या दिवशी दुपारी सिस्टरांनी थर्मामीटर वाचलं. मग पुसून पुन्हा लावलं आणि पुन्हा वाचलं. त्यांनी ते आईच्या हातात दिलं. आईने वाचलं आणि भिंगरीच्या कपाळाला आपला गाल लावून पाहिला. ताप नव्हता.

भिंगरीने संध्याकाळी मऊ भात मागून खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः मला हाताशी धरलं. शेपूट, मांडी, लांबच लांब पोट, मान, आणि लिफ्टपाशी शेवटच्या कागदावर डोकं. ते एक गाढव होतं. त्याच्या कानामागे रंगाचा ब्रश खोचलेला होता.

"बाबा, हा तर तूच आहेस!"

"मीच." बाबा गाढवाच्या कानांवरून बोट फिरवत म्हणाले, "माझी मुलगी दुखतंय, दुखतंय म्हणत होती आणि एवढ्या मोठ्या कानांत काही शिरलंच नाही."

भिंगरीने चित्राकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाली, "कान अजून लांब हवेत."

बाबांनी खिशातला ब्रश काढला आणि तिथेच ते कान छतापर्यंत वाढवले. भिंगरी पोट धरून हसू लागली. "बास, बाबा, टाके दुखतात!"

अकराव्या दिवशी तिच्या हातातली सुई निघाली. काही आठवडे उड्या मारायच्या नाहीत, आणि ताप, उलटी किंवा पोटदुखी आली तर लगेच यायचं, असं सर्जनबाईंनी तिघांनाही बजावून सांगितलं. निघताना दारापाशी भिंगरीचा हात सवयीने बाजूला आला, मला धरायला. तिथे मी नव्हतो. तिने आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिलं, बोटं उघडली, मिटली, आणि तशीच चालत निघून गेली. मित्रांनो, मला कुणी विसरून गेलं की मला वाईट वाटत नाही. त्यासाठीच तर मी उभा असतो.

हल्ली मी स्टोअरच्या दाराशी असतो. खाटा भरल्या की मला आठवणीने बाहेर काढतात. माझी काळजी करू नका. तुमचं शरीर तुमच्यासाठी किती झटतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने तुम्ही बोला. पोटात दुखलं तर सांगा. कुणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा, तिसऱ्यांदाही सांगा. आणि खूप दुखत असताना ते एकदम थांबलं, तर गप्प झोपून जाऊ नका. तेही सांगा.