एक तुकडा कमी

लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीवर परदेशात गेलेला घुम्या पहिला आठवडाभर फक्त सूप प्यायला. मेन्यूकार्डावरचं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून तो अंदाजाने बोट ठेवी, आणि बोट दरवेळी सूपवरच पडे. शेवटी त्याने खोलीखालच्या हॉटेलातल्या आचाऱ्याला मोबाइलवर पिझ्झ्याचा फोटो दाखवला. सोनार दागिना पारखतो तसा आचाऱ्याने तो निरखला, आपल्या मोबाइलवर मागून घेतला, छापून भिंतीला चिकटवला आणि हुबेहूब पिझ्झा करून आणला.

हुबेहूब म्हणजे अगदी हुबेहूब. फोटोतल्या पिझ्झ्याचा एक तुकडा कोणीतरी उचललेला होता, म्हणून याचाही गायब. फोटोच्या कडेला कुणाचा तरी हात होता, म्हणून मिशाळ वेटरने टेबलाच्या कडेला आपला हात ठेवला आणि घुम्याचं खाऊन होईपर्यंत हलवला नाही. घुम्या नावाप्रमाणेच घुम्या. सहा महिने तो एक तुकडा कमी पिझ्झा गुमान खात राहिला. पुढे पुढे तर त्या हाताला सुट्टी असली की त्याला चुकल्याचुकल्यासारखं होई.

मग आत्या आली. फिरायला नव्हे, तपासणीला. पोरगं नीट जेवत नसेल तर परत बोलवायचं, असं घुम्याच्या आईने ठरवलं होतं आणि निकाल नणंदेवर सोपवला होता. घुम्याला परत जायचं नव्हतं. इथल्या लिफ्ट त्याचं ऐकत. घरी कुत्रंसुद्धा ऐकत नसे.

"अनोळखी काही मी तोंडात घालणार नाही," आत्याने विमानतळावरच सांगितलं. "पिझ्झा चालेल. त्याला मी ओळखते."

पिझ्झा आला. पाठोपाठ हात आला. आत्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"हा तुकडा कोणी खाल्ला?"

"कोणी नाही गं. इथे असाच येतो."

"आणि हा हात?"

"तो सोबत येतो."

आत्याने ताट दूर सारलं. "म्हणजे सहा महिने तू लोकांचं उष्टं खातोयस. आणि तुझी आई तिकडे पेढे वाटतेय. उद्या बॅग भर."

एवढं बोलून ती पदर खोचून थेट स्वयंपाकघरात शिरली. आत स्टुलावर आचाऱ्याची आई बसली होती, आणि तिच्या हातात तो तुकडा होता. सहा महिने तीच तो खात असावी. तब्येतीवरून दिसत होतंच. आत्याने तुकड्याकडे बोट केलं. म्हातारीने घास गिळला आणि शांतपणे भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

आत्याने फोटो नीट बघितला.

"यांचं काही चुकलं नाही," ती मागे वळून म्हणाली. "दाखवलं तेवढं केलं बिचाऱ्यांनी. उष्ट्याचाच फोटो दिलास, मेल्या. गाढव तू आहेस."

तिने ओट्यावरच्या पिठात बोटाने पूर्ण गोल काढला. आचाऱ्याने तसा अख्खा पिझ्झा केला आणि पुढच्या वेळेसाठी फोटो काढायला मोबाइल वर धरला. आत्या पिझ्झ्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फोटोत हसणं तिला स्वतःच्या लग्नातही जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पिझ्झा अख्खा आला. हात आला नाही. आचाऱ्याची आई आली, टेबलक्लॉथचा पदर घेऊन. कमरेवर हात ठेवून ती घुम्यावर डोळे वटारून उभी राहिली. आत्याने तिचं कोपर जरा वर केलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि मान डोलावली.

मग तिने तिथूनच घुम्याच्या आईला फोन लावला. "वहिनी, राहू दे त्याला इथे. जेवताना डोक्यावर माणूस उभं असतं. तुझ्यापेक्षा कडक आहे."

आत्या गेली त्या रात्री घुम्याने मधलं मऊ मऊ खाल्लं आणि सवयीने कडा ताटातच ठेवल्या. शेजारून खाकरल्याचा आवाज आला. अस्सल मराठीतला. घुम्याने मुकाट्याने कडा उचलल्या.